बटाटा काढायच्या आधी गाडीच्या फिल्टरमधलं पाणी काढा

श्रावण अर्धा सरला. बेळगावच्या पश्चिम भागात बटाटा काढणीला आलाय, कोबी-फ्लॉवरचे गड्डे भरतायत, आणि चतुर्थीआधीच्या आठवड्यात गोव्याला जाईल तेवढी भाजी खपते. नेमकी याच दिवसांत पहाटे तीनला पिकअप एका सेल्फमध्ये सुरू होते, वेशीपर्यंत जाते आणि आचके देत बंद पडते. परत सेल्फ मारला की सुरू. अर्ध्या मिनिटात परत बंद.

मागे कणकुंबीच्या अलीकडे अशीच एक गाडी उभी दिसली. वर ताडपत्री घट्ट आवळलेली, आत कोथिंबीर. मालक बिचारा चार तास सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवून बसला होता. ताडपत्रीचं टोक उचलून मी जुड्यांत हात घातला. झाकलेल्या भाकरीच्या बुट्टीत हात घालावा तशी ऊब लागली. मधल्या जुड्या पिवळ्या पडून बुडाला चिकट झाल्या होत्या. रोग नाही, कीड नाही, शेतात हिरवागार असलेला माल रस्त्यावर गेला. डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल केला तर बाटलीत आधी पाणीच आलं, डिझेल नंतर. दरवर्षी पावसाळ्यात अशा दोन-तीन गाड्या तरी बघतो, आणि बहुतेक वेळा कारण हेच निघतं.

हे पाणी येतं कुठून? आपल्या सीमाभागात दोन राज्यांचे डिझेलचे दर वेगळे. जिकडे लिटरमागे दोन-चार रुपये कमी, तिकडून कॅन भरून आणायची सवय लागली आहे. कॅन गोठ्याशेजारी, बुच अर्धवट, वरून पावळीचं पाणी. बॅरल असेल तर उभंच ठेवलेलं, झाकणावर तळं साचलेलं, ते बुचाच्या आट्यांतून हळूहळू आत उतरतं. त्यात टाकी अर्धी रिकामी ठेवली की रात्रीच्या गारव्यात आतल्या पत्र्याला घाम सुटतो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं, आणि डिझेल ओढणारी नळीही तळाजवळच असते. गाडी सुरू होते ती पुढच्या नळीत शिल्लक असलेल्या चांगल्या डिझेलवर. ते संपलं की मागून पाणी येतं आणि इंजिन गप्प होतं. म्हणून 'सुरू होते म्हणजे डिझेल बरोबर आहे' हा हिशोब चुकीचा आहे.

आता पाणी काढायची रीत. इंजिन बंद आणि गार असू द्या. डिझेल फिल्टरच्या बुडाला छोटा स्क्रू असतो, त्याखाली काचेची रिकामी बाटली धरा. स्क्रू एक-दोन आटे सैल करा. पाणी असेल तर बाटलीत तळाला वेगळा थर बसलेला स्पष्ट दिसतो. स्वच्छ डिझेल येईपर्यंत जाऊ द्या. स्क्रू प्लास्टिकचा असेल तर हातानेच आवळा, पान्याचा जोर लावला की कानच तुटतो. मग फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा आणि गाडी सुरू करा. दहा मिनिटांचं काम आहे. बाटलीतली घाण विहिरीकाठी किंवा पाटात ओतू नका.

गाडीच्या पुस्तिकेत पाणी काढायचे आणि फिल्टर बदलायचे किलोमीटर दिलेले असतात, ते पाळाच. पण ते आकडे आपल्या जांबोटी-खानापूरच्या पावसासाठी लिहिलेले नाहीत. माझा अंदाज असा की मिरगापासून दसऱ्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी, आणि कॅनमधलं डिझेल ओतलं तर दुसऱ्याच दिवशी, बाटली धरावी. डॅशबोर्डवर फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा असेल तर तो पेटायची वाट बघू नका. चिखलात वायर कुरतडली गेलेली, दिवा पेटतच नाही, अशा गाड्या कितीतरी आहेत.

पाणी निघालं नाही तर पुढचं बघा. हातपंप कितीही दाबला तरी कडक होत नाही, म्हणजे गाडीने एअर धरली आहे. टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या रबरी नळ्या, त्यांचे क्लिप आणि फिल्टरचं वायसर तपासा. या बाजूला पंप डिझेल ओढतो, त्यामुळे बारीक चिरेतून डिझेल बाहेर न गळता हवा आत शिरते. जमीन कोरडी दिसते आणि आपण फसतो. रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास होत असेल तर एअरचाच संशय जास्त घ्या. गाडी बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं हवेचं भोक चिखलाने बुजलंय. सपाट रस्त्याला चालते आणि भरून घाटात चढली की मरते, तेव्हा फिल्टर तुंबलाय किंवा टाकीतली जाळी काळ्या चिकट गाळाने भरली आहे.

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते, एअर फिल्टर भिजून लगदा झालाय का बघा. एक-दोन सेकंदांत बंद आणि किल्लीचा दिवा लुकलुकतोय, तर डिझेलशी संबंध नाही. गाडी किल्ली ओळखत नाही, दुसरी किल्ली लावून बघा. जुन्या गाड्यांत पंपावर डिझेल बंद करणारी विजेची झडप असते, त्या सोलेनॉइडची वायर सैल झाली तरी हेच होतं, ती हलवून पाहायला पैसे लागत नाहीत. ॲक्सिलरेटर दाबून धरला तर चालते, सोडला की बंद, अशी गाडी मात्र फिटरकडे न्या.

पेट्रोलच्या छोट्या गाड्या वापरणाऱ्यांनीही ऐका. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्याच उसाचं असलं तरी पाणी ओढून घेतं, आणि पाणी वाढलं की इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं. पेट्रोल कॅनमध्ये साठवूच नका.

तीन गोष्टी अजिबात करू नका. नव्या कॉमन रेल गाड्यांत, म्हणजे एकाच जाड नळीतून सगळ्या नोझलना जोराच्या दाबाने डिझेल जातं त्या गाड्यांत, नोझलच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) लोखंडी नळ्यांचे नट सैल करून एअर काढू नका. तिथला दाब १००० बारच्या वर जातो, चाकातल्या हवेच्या शेकडो पट. ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि बोट गमवावं लागतं. आणि सलग सेल्फ मारू नका. दहा सेकंद मारा, मिनिटभर थांबा. पाणी आहे हे कळल्यावर ढकलस्टार्ट तर मुळीच नको. पंपाला वंगण डिझेलचंच असतं, पाण्यावर फिरला की तो घासतो.

औषधाच्या बाटल्यांबद्दल बोलायलाच हवं. खताच्या दुकानात जसं प्रत्येक पिवळ्या पानावर टॉनिक काढून देतात, तसं स्पेअरच्या दुकानात 'हे टाका, पाणी जातं' म्हणून बाटली हातात ठेवतात. त्यातल्या काही बाटल्या पाणी डिझेलमध्ये घोळवून पुढे ढकलतात, म्हणजे तेच पाणी पंपातून आणि नोझलमधून जातं. माझ्या स्वतःच्या गाडीला एका ठिकाणी थेट 'पंप गेला' म्हणून सांगितलं होतं. गाडी ओढून घरी आणली. फिल्टरमधून कपभर पाणी निघालं, एक क्लिप सैल होती. नवा फिल्टर, नवा क्लिप, आणि गाडी तशीच चालली. पंप खराब होतो, नाही असं नाही. पण फिल्टर उघडून बाटलीत न दाखवता जो पंपाचा खर्च सांगतो, त्याला गाडी देऊ नका.

शेतातली कामं थोडक्यात:

- बटाटा: काढणीआधी ८ ते १० दिवस पाला कापा. करपा दिसला आणि काढणी लांब असेल तर उघडीप बघून मँकोझेब हे बुरशीनाशक ७५ टक्के, १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम. ओला बटाटा पोत्यात भरू नका.
- रताळी: वेल उचलून फिरवा.
- भात: फुटलेले बांध धरा, युरियाचा राहिलेला हप्ता पाणी उतरवून.
- तंबाखू, निपाणी भाग: लावण उरका.
- ऊस: वाळलेला पाला काढा.

पावसाने उघडीप दिली की सगळा गाव एकदम काढणीला लागेल आणि भाड्याची दुसरी गाडी मिळणार नाही. म्हणून आज संध्याकाळीच बाटली धरा. गाडीत एक नवा फिल्टर, दोन क्लिप, हातभर रबरी नळी आणि पाना टाकून ठेवा. भाजी भरली असेल आणि गाडी बंद पडली, तर बॉनेट उघडायच्या आधी ताडपत्री सोडून मालाला वारा लागू द्या. पाणी निघालं असेल तर चार दिवसांनी परत बाटली धरा. तेव्हाही तळाला थर दिसला, तर फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल. आणि तो कॅनही.