आदिस अबाबात एका दिवसाची सहल : आधी घड्याळ जुळवा

इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबात गाइडसोबत दिवसभर फिरायचं ठरवलं असेल, तर निघायची वेळ पक्की करताना एक प्रश्न हमखास विचारा : ही वेळ इथिओपियन घड्याळाची की आपल्या? तिथे दिवसाचे तास पहाटेपासून मोजतात. आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन. गाइड पर्यटकांशी बहुधा आपल्याच घड्याळाने बोलतात, तरी ‘सकाळी की दुपारी’ हे विचारून घ्यावंच.

सुरुवात नॅशनल म्युझियमपासून करा. 1974 साली हदर इथे सापडलेली सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीची ‘लुसी’, म्हणजे माणसाच्या आदिम पूर्वजाचा सांगाडा, इथलीच. अम्हारिक भाषेत तिचं नाव ‘दिंकिनेश’, म्हणजे ‘तू अद्भुत आहेस’. प्रदर्शनात प्रतिकृती असते, तरी तिच्या इवल्याशा उंचीसमोर उभं राहिल्यावर अंगावर काटा येतो. मात्र जास्त वेळ राखून ठेवा तो विद्यापीठाच्या आवारातल्या एथ्नॉलॉजिकल म्युझियमसाठी. हा सम्राट हैले सेलासी यांचा जुना राजवाडा. त्यांची निजायची खोलीही पाहता येते. त्यांची समाधी होली ट्रिनिटी कॅथेड्रलमध्ये आहे. तिथे खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत.

शाकाहारी असाल तर सहल शक्यतो बुधवारी किंवा शुक्रवारी ठेवा. हे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवासाचे वार, त्यामुळे मांस, दूध, अंडी नसलेलं ‘बेयायनेतू’ ताट सहज मिळतं. त्यातलं ‘शिरो’ तर थेट आपल्या पिठल्याची आठवण करून देतं.

शहर 2,300 मीटरहून उंचावर आहे. चढावर धाप लागली तर सावकाश चाला, आणि स्वेटर जवळ असू द्या.