भरल बघायला निघालात? आधी माळ्यावरचे बूट काढा

ताजिकिस्तान, किरगिझस्तानात मार्को पोलो या रानमेंढ्यांची शिकार परवाना काढून आजही चालते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषयच मिटवलाय, आणि बरंच झालं. माग काढायची विद्या मात्र तीच, फक्त चाप ओढायच्या जागी दुर्बीण. ठाणे-नवी मुंबईतून पहिल्यांदा जाणाऱ्याने लेहजवळच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातलं रुंबक किंवा हिमाचलच्या स्पितीतलं किब्बर धरावं. दोन्हीकडे भरल, म्हणजे हिमालयातली रानटी निळी मेंढी, आहे. लडाखीत तिला 'नापो' म्हणतात.

बुटाचा मधला थर बहुतेक वेळा पॉलियुरेथेन फोमचा असतो. खाडीकाठच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळे नुसता पडून राहिला की तो आतून भुसभुशीत होतो. वरून बूट कोरा करकरीत, आणि तिसऱ्या दिवशी घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडांच्या उतारावर, सोल जिभेसारखा लोंबतो. टाचेच्या वरचा फोम अंगठ्याने जोरात दाबा. चिरा दिसल्या किंवा बोटाला भुकटी लागली तर तो बूट गेला. फेव्हिक्विक वगैरे विसरा. दुर्बिणीतही टॉर्च मारून बघा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी.

सरावाला आसनगावचा माहुली उत्तम. सॅकमध्ये १० लिटर पाणी भरून चढा, वर पोचल्यावर प्यायचं ठेवून बाकीचं ओतून द्या. उतरताना गुडघे वाचतात. घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहत असाल तर सॅक पाठीला लावून जिने चढा, खाली लिफ्टने या.

दम वाढला म्हणून उंची सोसेलच असं नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, लेह ३,५०० च्या आसपास. म्हणजे विमानातून उतरता तिथेच सह्याद्रीच्या दुप्पट उंचीवर असता. पहिले दोन दिवस खा, पाणी प्या, लोळा. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. उंचीच्या त्रासावरची गोळी डायमॉक्स डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगा. सरळ रेषेत चालता येईना किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं.

आता शोधाचं. नवखा माणूस चालत सुटतो आणि कळप पळवून लावतो. उजाडायच्या आत समोरची डोंगराची सोंड नीट दिसेल अशी जागा धरून बसा. १०×४२ ची (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण ट्रायपॉडवर लावा, हातात धरून थरथरीत काही दिसत नाही. उतार आडव्या पट्ट्यांत वाटून घ्या आणि एकेक पट्टी सावकाश बघा. अख्खं जनावर शोधू नका. राखाडी घसाऱ्यात स्थिर भरल दगडच होतं. दिसतो तो पांढरा पार्श्वभाग, पायावरचा काळा पट्टा, किंवा हललेला कान. ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरते आणि कळपही कड्याच्या कपारीत रवंथ करत बसतो. तोवर बघून घ्या.

जवळ जायचं तर वारा आधी, नाहीतर तुमचा वास कळपापर्यंत पोचतो. खिशात टाल्कम पावडरची छोटी डबी ठेवा आणि दर काही मिनिटांनी चिमूटभर उडवा. पहाटे थंड हवा दरीत उतरते, तेव्हा खालून चढा. दुपारी ऊन तापल्यावर वारा वर वाहतो, तेव्हा वळसा घालून वरून या. ही वेळ बदलते त्या तासाभरात हलूच नका, वारा कुठूनही येतो. डोंगराच्या धारेवर उभं राहायचं नाही, आकाशासमोर माणसाची आकृती लगेच उठून दिसते. धार ओलांडायचीच तर एखाद्या खडकाच्या आडोशाने, रांगत.

भरल घाबरलं की मोकळ्यावर धावत सुटत नाही, कड्यात घुसतं. म्हणून कळप आणि कडा यांच्या मध्ये जाऊ नका. १५० मीटरवर थांबा. एखादी मादी मान ताठ करून तुमच्याकडे बघत राहिली की जागच्या जागी खाली बसा, नजर दुसरीकडे वळवा. तिने परत तोंड गवतात घातलं तर ठीक. चरणं सोडून सगळ्यांच्याच माना वर आल्या, तर तुम्ही जास्त जवळ गेलात. आल्या वाटेने, बसल्या बसल्या, मागे सरका.