द्राक्षावरची भुरी ओळखा, मग सल्फर मारा

भुरी ही अ‍ॅस्कोमायकोटा गटातली, म्हणजे पिशवीत बीजाणू तयार करणारी बुरशी. यीस्टही याच गटातलं. केवडा हा द्राक्षावरचा दुसरा रोग मात्र खऱ्या बुरशीचा नाही, तो शेवाळांच्या जवळचा. म्हणून केवड्यावर सल्फर मारणं म्हणजे पैसे वाया.

पान उन्हात तिरकं धरा. राखेसारखी पांढरी भुकटी दिसली आणि बोटाने पुसली गेली, तर भुरी. वर पिवळे तेलकट डाग आणि त्याच जागी खाली पांढरी लव असेल तर केवडा.

भुरी पानावर पसरते आणि फक्त वरच्या पेशींत शोषकं खुपसून अन्न ओढते. तिला रुजायला ओलं पान लागत नाही. ढगाळ हवा आणि दाट कॅनोपी, म्हणजे वेलीवरचा पानांचा पसारा, पुरते. त्यामुळे आधी घडाभोवतीची पानं विरळ करा, नाहीतर फवारा आत पोहोचतच नाही. मग ८० टक्के सल्फर, लिटरला २ ग्रॅम, घड भिजेल असं मारा. तापमान ३५ अंशांवर असेल तर थांबा, मणी भाजतात. तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे सल्फर नको. लहान मण्यांवर भुरी राहिली तर साल ताणली जात नाही आणि मणी तडकतात.