मुंबईच्या शाळेत पोषण आहार: बाहेरून आलेले अन्न स्वीकारण्याची आणि वाढण्याची पद्धत

गावाकडच्या शाळेत पोषण आहार शाळेच्याच आवारात, किचन शेडमध्ये शिजतो, आणि मुख्याध्यापक कोठीतला तांदूळ मोजून स्वयंपाकी ताईंच्या हाती देतात. मुंबईतल्या बहुतेक शाळांच्या इमारतींत तेवढी जागा नाही. अन्न महिला बचत गटांच्या किंवा संस्थांच्या केंद्रीय स्वयंपाकगृहांत शिजते आणि झाकणबंद भांड्यांतून टेम्पोने शाळेत येते. त्यामुळे शहरातील शाळेचे खरे काम संख्या कळवणे, आलेले अन्न तपासून घेणे आणि ते वाढणे हे आहे. शाळेत ज्या शिक्षकांकडे पोषण आहाराची जबाबदारी नव्याने आली आहे, त्यांच्यासाठी आणि शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांसाठी ही पद्धत येथे मांडली आहे.

शाळेतील पोषण आहाराची ही योजना १९९५ साली सुरू झाली. कोरडे धान्य न देता शिजवलेले अन्नच द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला, आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने त्याला वैधानिक आधार मिळाला. २०२१ पासून योजनेचे नाव ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असे आहे. शासकीय, महानगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांतील बालवाटिका (पहिलीच्या आधीचा वर्ग) ते आठवीपर्यंतची मुले तिच्यात येतात.

पहिले काम संख्येचे. पट (शाळेत नाव नोंदवलेली मुले), हजेरी आणि प्रत्यक्ष जेवलेली मुले या तीन वेगवेगळ्या संख्या आहेत, आणि योजनेतील बहुतेक घोळ त्या एकच मानल्यामुळे होतात. स्वयंपाकगृहाला अपेक्षित संख्या आधी कळवावी लागते. तेव्हा मागच्या काही आठवड्यांची हजेरी पाहून अंदाज बांधावा. ईदच्या आसपास, गणपतीत मुले गावी गेलेली असताना आणि लागून आलेल्या सुट्ट्यांच्या दुसऱ्या दिवशी हजेरी घसरते, याचा हिशेब आधीच धरावा. एका इमारतीत सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रे भरत असतील, तर प्रत्येक सत्राची संख्या स्वतंत्र कळवावी आणि अन्नही स्वतंत्र मागवावे. सकाळच्या सत्राचे उरलेले दुपारच्या मुलांना कधीही वाढू नये. जेवण संपल्यावर योजनेच्या मोबाइल ॲपमध्ये जी नोंद करायची, ती जेवलेल्या मुलांची, हजर मुलांची नव्हे. काही मुले घरचा डबा आणतात, काही जेवत नाहीत. त्यांना जेवलेल्यांत धरले की कागदावरचे अन्न आणि भांड्यातले अन्न यांचा मेळ कायमचा तुटतो.

पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी यांची संख्याही वेगळी ठेवावी, कारण प्रमाण वेगळे आहे. लहान गटातील प्रत्येक मुलासाठी रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरलेले आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. मोठ्या गटासाठी हेच प्रमाण १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम असून अपेक्षा ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनांची आहे. हे आकडे भिंतीवर लावण्यापुरते नाहीत, त्यांनी पडताळणी करता येते. लहान गटातील २०० मुलांसाठी खिचडी आली असेल, तर तिच्यात २० किलो तांदूळ आणि ४ किलो डाळ असायला हवी. शिजल्यावर तांदळाचे वजन साधारण अडीच ते तीन पट होते, म्हणजे नुसत्या भाताचेच ५० किलोंच्या पुढे जायला हवे. रिकाम्या भांड्याचे वजन एकदा करून वहीत लिहून ठेवले, तर पुढे भरलेले भांडे काट्यावर ठेवताच फरक कळतो. धान्य केंद्र सरकारकडून मिळते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठीचा दर १ मे २०२५ पासून प्राथमिकला रोज प्रतिविद्यार्थी ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे आहे. एवढ्या पैशांत मुंबईच्या बाजारभावाने काय येते हे कोणत्याही गृहिणीला विचारावे. भाजीला कात्री लागते ती इथेच, म्हणून तपासताना आधी भाजीकडे पाहावे.

अन्न स्वीकारताना घाई करू नये. माझ्या मते साऱ्या योजनेत या अर्ध्या तासाइतके महत्त्व कशालाच नाही. टेम्पो आल्याची वेळ लिहावी. झाकणे घट्ट आहेत का, भांडी आतून स्वच्छ आहेत का, वास आंबूस आहे का, हे पाहावे. गरम अन्न ६५ अंश सेल्सिअसच्या वर असणे सुरक्षित मानले जाते. झाकणावर हात ठेवून ते कळत नाही, म्हणून अन्नात खुपसायचा साधा तापमापक शाळेने घेऊन ठेवावा. पावसाळ्याच्या दमट हवेत मोडाच्या कडधान्याची उसळ लवकर आंबते, तेव्हा तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. त्यानंतर चव घ्यावी. मुलांना वाढण्याच्या सुमारे अर्धा तास आधी निदान दोन प्रौढांनी, त्यांतील एक शिक्षक आणि शक्य तेव्हा एक पालक, प्रत्येक पदार्थ खाऊन पाहावा आणि चव नोंदवहीत वेळेसह अभिप्राय लिहून सही करावी. फाटकापाशी उभ्या उभ्या चमचाभर जिभेला लावून केलेली सही ही चव घेणे नव्हे. भांडे तळापासून ढवळून, वाटीभर घेऊन, बसून खावे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजलेले अन्न खाऊन २३ मुले दगावली. तेथे मुलांनी जेवणाला कडू चव लागत असल्याची तक्रार केली होती. चवीबद्दल शंका आली तर भांडे झाकून बाजूला ठेवावे, वाटप थांबवावे आणि अन्न परत घेण्यास लेखी कळवावे. रोजच्या अन्नाचा थोडा नमुना तारीख लिहिलेल्या स्वच्छ डब्यात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावा. मुलाला उलटी किंवा पोटदुखी सुरू झाल्यास आधी १०८ ला फोन करावा, उरलेले अन्न न फेकता तपासणीसाठी राखावे, आणि मग पालक व वरिष्ठांना कळवावे.

वाढताना डाव तळापर्यंत घालावा. खिचडीतली डाळ आणि भाजी खाली बसते, त्यामुळे पहिल्या रांगेला पातळ आणि शेवटच्या रांगेला घट्ट मिळते. लहान वर्ग आधी बसवावेत. साबणाने हात धुण्यासाठी नळांवर गर्दी होते, तिची वेळ वेळापत्रकात धरावी. गरम पातेली मुलांकडून उचलून घेऊ नयेत. शेंगदाण्याची किंवा अन्य कशाची ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी वाढणाऱ्या मदतनीस ताईंकडे असावी. पाककृतींची यादी राज्य शासनाने २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये बदलली, तेव्हा चालू परिपत्रकातील आठवड्याचा तक्ताच पालकांना दिसेल असा लावावा. कोणी वाढदिवसानिमित्त मुलांना गोडधोड देऊ इच्छित असेल, तर त्यासाठी ‘स्नेहभोजन’ ही सोय आहे. मात्र तेही अन्न चाखूनच वाढावे.

अतिवृष्टीचा दिवस ही मुंबईची खास अडचण. सुट्टी कधी कधी पहाटेनंतर किंवा सकाळचे सत्र भरल्यावर जाहीर होते, आणि तोवर स्वयंपाकगृहात चूल पेटलेली असते. अशा वेळी कोण कोणाला फोन करील हे जूनमध्येच ठरवून, स्वयंपाकगृह, टेम्पोचालक आणि विभाग निरीक्षक यांचे क्रमांक कार्यालयात लावावेत. मुले शाळेत पोहोचली असतील आणि अन्न आले असेल, तर त्यांना जेवू घालूनच घरी सोडावे.

अन्न आलेच नाही, तर तो दिवस नोंदवहीत कोरा सोडू नये. या योजनेसाठीच्या २०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार धान्य, निधी, इंधन किंवा स्वयंपाकी उपलब्ध नसल्यामुळे शाळेच्या दिवशी जेवण मिळाले नाही, तर मुलांना अन्न सुरक्षा भत्ता देय होतो. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण न मिळाल्यास जबाबदारी निश्चित करणे राज्यावर बंधनकारक आहे. केंद्रीय स्वयंपाकगृहाकडून पुरवठा झाला नाही तर भत्ता त्याच पुरवठादाराकडून वसूल होतो. त्यासाठी शाळेचे लेखी पत्र, त्या दिवशीची हजेरी आणि व्यवस्थापन समितीच्या सदस्याची सही जोडून प्रशासकीय अधिकाऱ्यांकडे त्याच दिवशी पाठवावी. पुरवठादाराच्या महिन्याच्या देयकावर मुख्याध्यापकांनी सही करण्यापूर्वी जेवलेल्या मुलांची रोजची बेरीज, चव नोंदवही आणि न आलेल्या दिवसांची पत्रे समोर ठेवून ताळा करावा.