जुन्या गाडीचा सडलेला पत्रा घरी दुरुस्त करताना या चुका टाळा

नागपूरला समुद्र नाही, हवा खारी नाही, मे महिन्यात तर ओला टॉवेलही पाहता पाहता कोरडा होतो. तरीही इथल्या जुन्या मारुती ८००, ओम्नी, पद्मिनी आणि जिपा तळातून सडतात. वरून वाहून जाणाऱ्या पावसापेक्षा पत्र्याच्या आत अडकलेलं पाणी जास्त नुकसान करतं. रबरी मॅटखालच्या नमद्यात (जाड फेल्टच्या थरात) किंवा दाराखालच्या लांब पोकळ बॉक्समध्ये शिरलेली ओल पावसाळा संपला तरी हटत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या. त्यातल्या ज्या गाड्या नुसत्या धुवून, सीट वाळवून पुन्हा चालू झाल्या, त्यांच्या बॉक्समध्ये पुराचा गाळ अजून बसलेला असू शकतो. गाळ ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खात राहतो.

रंगाखाली फुगा दिसतो तेव्हा गंजाचं काम बरंच पुढे गेलेलं असतं. घरी केलेली दुरुस्ती एका पावसाळ्यात उघडी पडते ती म्हणूनच. माणूस बाहेरून मेहनत घेतो आणि आतली बाजू तशीच राहते. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका याच एका चुकीतून निघतात.

पाणी कुठून येतं ते न शोधता ग्राइंडर हातात घेणं

तळाचा पत्रा सडला म्हणून नवा तुकडा जोडला, पण समोरच्या काचेची बीडिंग (काचेभोवतीची रबरी पट्टी) गळतच होती, तर नवा तुकडाही जाणार. म्हणून पहिलं काम म्हणजे गाडीतली मॅट आणि नमदा पूर्ण बाहेर काढणं. मग एकानं आत टॉर्च घेऊन बसावं आणि दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं पाणी सोडावं. सुरुवात खालून करा. आधी चाकांच्या कमानी, मग दारांच्या खालच्या कडा, मग काचेची बीडिंग आणि शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही.

दोन जागा हमखास बघा. वायपरखालच्या खोबणीत झाडाचा पाला कुजून पाण्याची वाट बंद होते, मग ते पाणी डॅशबोर्डच्या मागून पायाशी उतरतं. दुसरी जागा दाराची खालची कड. काचेवरून ओघळलेलं थोडं पाणी दाराच्या आत जातंच, आणि ते खालच्या बारीक छिद्रांतून निघून जावं अशी रचना असते. ही छिद्रं मातीनं बुजली की दार तळापासून सडतं. वाईट याचं वाटतं की रंगकाम करताना हीच छिद्रं पुट्टीनं लिंपली जातात आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

सडकं किती आहे ते न तपासणं

जुन्या गाडीवर आधीच्या मालकानं काय केलं आहे ते डोळ्यांना दिसत नाही. साधं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड सैल पडते तिथे खाली पुट्टीचा जाड थर आहे. मग छोट्या हातोडीनं हलकेच ठोका. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडका थपथप वाजतो. शंका आलेल्या जागी स्क्रूड्रायव्हर जोर देऊन टोचा आणि आत गेला तिथपर्यंत खडूनं खूण करा. बाहेर नाण्याएवढं दिसणारं भोक कापायला घेतलं की तळहाताएवढा पत्रा निघतो. याची मनाची तयारी आधीच असली म्हणजे अर्ध्यावर येऊन "चालेल इतकं" असं म्हणायची वेळ येत नाही.

घरी करू नये ते काम घरी करणं

जुन्या जिपेला वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) असते आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असते. मारुती ८०० ला तशी वेगळी चासी नाही, तिची बॉडीच सगळा भार उचलते. दाराखालचे बॉक्स, बॉनेटखाली शॉकअब्सॉर्बरचं टोक जिथे बसतं तो भाग, सस्पेन्शनचे आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथे आवळले जातात त्या जागा, आणि जिपेची चासी, एवढं सगळं अनुभवी वेल्डरकडेच द्या. अपघातात माणसाला वाचवणारे भाग हेच आहेत. इथे पैसे वाचवायचा मोह टाळावा, असं मी अगदी मनापासून सांगतो.

तळाचा सपाट पत्रा, दाराची खालची कड, डिकीचा तळ, बॅटरीखालचा ट्रे ही कामं वेल्डिंगचा हात बसलेला माणूस घरी करू शकतो. पुढचं फेंडर मात्र दुरुस्त करत बसू नका. बहुतेक गाड्यांत ते बोल्टवर असतं, सडलं तर बदलून टाकणं सोपं.

दाराखालचा बॉक्स वेल्डरकडे दिला तरी एका गोष्टीवर लक्ष ठेवा. दोन्ही बाजू एकदम कापू देऊ नका. आधार गेला की बॉडी किंचित वाकते आणि नवा पत्रा त्या वाकलेल्या अवस्थेत पक्का होतो. नंतर दार लागत नाही.

गंजावरच पुट्टी, एमसील किंवा फायबर

"भाऊ, पुट्टी भरून देतो, काही होत नाही" हे वाक्य जुन्या गाडीच्या मालकानं कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. पुट्टीखाली तो फुगत जातो आणि वरचा थर ढकलून देतो. पॉलिएस्टर पुट्टी स्वतःही ओल शोषते, म्हणजे ती झाकण नसून भिजत राहणारा थर ठरते. फायबर आणि राळेची पकड चांगल्या पत्र्यावर बसते, गंजाच्या पापुद्र्यावर बसत नाही. पापुद्रा सुटला की तुकडाच्या तुकडा हातात येतो.

गंज रूपांतर करणाऱ्या द्रावणाबद्दलही असाच गैरसमज आहे. फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन असलेलं हे द्रावण पत्र्याला घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर उत्तम काम करतं, त्याचा काळपट स्थिर थर बनवतं. पोपड्यांवर ओतलं तर वरचा पोपडा काळा होतो आणि खालचा लाल तसाच राहतो. आधी वायर ब्रश लावून सुटं तेवढं सगळं काढा, मगच लावा. त्याच्यावर कोणता प्राइमर चालतो ते डब्यावर वाचा, कारण काही प्राइमर त्यावर धरत नाहीत. भोक पडलं असेल तर कोणतंही द्रावण पत्रा परत आणत नाही. कापावंच लागतं, आणि चकचकीत धातू लागेपर्यंत कापावं लागतं.

चुकीचा पत्रा, चुकीचं वेल्डिंग

आपल्याकडे घराघरात जुना कूलर असतो आणि त्याचा जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा आयताच हाताशी असतो. तो गाडीला लावू नका. त्यावरचं जस्त वेल्डिंगच्या उष्णतेत जळतं. तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, आणि जोडही सच्छिद्र होतो. इतवारीतल्या लोहा ओळीत किंवा कोणत्याही पत्र्याच्या दुकानात २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, जस्त नसलेला) पत्रा मागा. तो साधारण ०.९ मिलिमीटर जाड असतो आणि जुन्या गाडीच्या तळाशी जुळतो. "जाड लावू, टिकेल" या विचारानं १६ गेज घेतला तर जाड पत्रा तापेपर्यंत शेजारचा पातळ पत्रा वितळून नवं भोक पडतं.

गेट-ग्रिलसाठी वापरतात ते रॉडचं आर्क वेल्डिंग इतक्या पातळ पत्र्याला सोसत नाही. सीओटू मशीन (तारेनं जोडणारं मिग वेल्डिंग) भाड्यानं मिळते, ती ०.८ मिलिमीटरच्या तारेवर चालवा. सलग रेघ ओढू नका. एक टाका इथे, पुढचा समोरच्या बाजूला, मध्ये गार व्हायला वेळ, असं करत पोकळ्या भरा. नाहीतर पत्रा लाटेसारखा वाकतो. आधी तुकड्यावर हात बसवा, मग गाडीला हात लावा.

ॲल्युमिनियमचा पत्रा पॉप रिव्हेटनं ठोकणं हा उपाय फार सुचवला जातो. दोन वेगळ्या धातूंच्या मधे ओल राहिली की गंजण्याचा वेग वाढतो, आणि रिव्हेटमुळे भाराला बळ मिळत नाही.

आग आणि जॅक

या दोन गोष्टींवर थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथली चूक दुरुस्त करता येत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढून ठेवा. सीट, नमदा, वायरिंग जवळ असेल तर हटवा. पेट्रोलची टाकी जवळ असेल तर उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी सुरक्षित असते हा समज प्राणघातक आहे, कारण आतली वाफच पेट घेते. गॅसकिटची गाडी असेल तर सिलिंडर जाणकाराकडून काढून घेतल्याशिवाय ठिणगी पाडू नका. पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला जुनं डांबर किंवा रबर असतं, ते गुपचूप धुमसतं. म्हणून एक माणूस त्या बाजूला पाणी आणि अग्निशामक घेऊन उभा हवा, आणि काम संपल्यावर तासभर गाडी सोडून कुणी जाऊ नये.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. जॅक लावायची जागा नेमकी त्या सडक्या बॉक्सजवळच असते आणि जॅक पत्रा फोडून वर येतो. विटा भाराखाली फुटतात, त्याही नकोत. लोखंडी स्टँड घ्या आणि ते सस्पेन्शनच्या मजबूत जागी लावा.

ऋतू न पाहता प्राइमर आणि रंग

जुलैत संध्याकाळी घासून चकचकीत केलेला पत्रा सकाळी तांबूस दिसतो. उघड्या धातूवर त्याच दिवशी प्राइमर गेला पाहिजे. त्याआधी थिनरनं पुसा आणि मग उघड्या हातानं शिवू नका, घामातलं मीठ पुरतं. हार्डवेअरच्या दुकानातलं रेड ऑक्साइड गेटसाठी ठीक आहे. गाडीवर त्याच्यावर पीयू (पॉलीयुरेथेन) रंग मारला तर थिनरनं ते सुरकुततं. दोन भागांचा इपॉक्सी प्राइमर घ्या, पुट्टी त्याच्या वर भरा आणि कोरडीच घासा.

मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन कोरडं असलं तरी रंगाला मानवत नाही. उन्हातला पत्रा हात लावू देत नाही, फवारा पोचेपर्यंत वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. पुट्टी कालवता कालवता घट्ट होते. डिसेंबरच्या पहाटे दव पडतं. आपल्याकडे कापणं आणि वेल्डिंग दिवाळीनंतर, रंग फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत, सावलीत आणि सकाळी दव उडाल्यावर, हे सगळ्यांत चांगलं बसतं. पुरात बुडालेली गाडी असेल तर आधी बॉक्स पाण्यानं धुऊन गाळ काढा, कॉम्प्रेसरची हवा मारा आणि उन्हाळ्यात काही दिवस छिद्रं उघडी ठेवून उभी करा.

आतली बाजू विसरणं

वेल्डिंग समोरून होतं, पण उष्णतेनं मागच्या बाजूचा रंगही जळून जातो. ती उघडी जागा कुणी पाहत नाही आणि पुढचा गंज तिथूनच सुरू होतो. जोडाला दोन्ही बाजूंनी सीम सीलर (जोडाच्या फटी बुजवणारी लवचीक पेस्ट) भरा आणि पोकळ बॉक्समध्ये लांब नळीनं मेणयुक्त गंजरोधक फवारा. ते पातळ असतं, फटीत शिरतं. नंतर निथळायची छिद्रं तारेनं मोकळी करा.

कूलरच्या टाकीला दर उन्हाळ्यात डांबरी काळा रंग मारायची आपली सवय गाडीच्या तळालाही लागू केली जाते. स्वच्छ, प्राइमर मारलेल्या पत्र्यावर ते चालेल. गंजावर मारलं तर ओल आत कोंडते आणि वरून सगळं काळंभोर दिसत असताना पत्रा संपतो. जळकं इंजिन ऑइल तर मुळीच नको. ते रबरी बुश खातं, जमिनीत झिरपतं आणि नंतर त्यावर रंग धरत नाही.

काम झाल्यावर खुणा ओळखा

जोडाच्या रेषेवर ओळीनं फुगे आले तर मागची बाजू उघडी राहिली आहे, वरून घासून उपयोग नाही. पुट्टीची कड रंगातून उमटली तर ती पूर्ण वाळायच्या आत रंग मारला गेला. रंगावर गुलाबी-पिवळट डाग आले तर पुट्टीत हार्डनर (ती घट्ट करणारी पेस्ट) जास्त पडलं, सहसा ते दोन टक्क्यांच्या आसपास लागतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर मॅट उचलून बघा. ओल असेल तर पाण्याची वाट अजून सापडलेली नाही.

एक गोष्ट आरटीओची. चासी नंबर कोरलेल्या जागी ग्राइंडर, पुट्टी किंवा वेल्डिंग जाऊ देऊ नका. १५ वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवून घेताना तपासणीत हा नंबर वाचता आलाच पाहिजे. रंग बदलायचा असेल तर आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. काम सुरू करण्याआधी नंबरचा स्पष्ट फोटो काढा, त्या जागेवर टेप चिकटवा आणि गाडी वेल्डरकडे जाणार असेल तर त्यालाही ती जागा दाखवून द्या.