उचल फिटली का? ऊसतोडीचा हिशोब आपल्या वहीत कसा ठेवावा

दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. चार-पाच महिने राबून परतताना मुकादमाच्या (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या) डायरीत 'बाकी' निघते, आणि आपल्याकडे दाखवायला कागदच नसतो. म्हणून हिशोब उचलीच्या, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतल्याच्या, दिवसापासूनच लिहायचा.

उचल घेताना. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही-अंगठा नको, कोरा चेकही नको. रक्कम, तारीख आणि टनाचा दर लिहूनच सही करा व मोबाइलवर फोटो काढा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तेव्हा कागदावर बाईचंही नाव हवं. उचल खात्यावर मागा. रोखच मिळाली तर दोन साक्षीदार ठेवा.

निघण्याआधी ग्रामसेवकाकडे नोंद करून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र घ्या.

फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात. खरी मेख इथे आहे. दोनशे पानी वहीत रोज तारीख, फड, गाडी नंबर आणि टन लिहा. काट्यावरच्या वजनपावतीचा फोटो गाडीवानाकडून त्याच दिवशी मागून घ्या, आठवड्याने तो मिळत नाही. आठवड्याची खर्ची (खर्चाला मिळणारे पैसे) आणि खाडा (कामावर न गेलेला दिवस) दोन्ही वेगळ्या रकान्यात. खाडा धरला तर तारीख विचारा. मोघम 'दहा खाडे' मान्य करू नका.

आता गणित. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 273 वरून 366 रुपये झाला (डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरणारं डोकी सेंटर आणि बैलगाडीचं गाडी सेंटर यांना दर वेगळे, आणि नवा करार झाला तर नवाच दर धरा). 1 लाख उचल फेडायला या दराने सुमारे 273 टन तोडावे लागतात. जोडीने रोज 2 टन तोडला तर 137 दिवस, म्हणजे जवळजवळ अख्खा हंगाम. वर खर्ची आहेच. जास्त उचल देणारा मुकादम चांगला, असं गावात म्हणतात. मला ते पटत नाही. मुकादमाचं कमिशन कारखाना वेगळं देतो, ते तुमच्या टनातून कापू देऊ नका.

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की तिथेच, साक्षीदारांसमोर हिशोब करा. उचल फिटली असेल तर तसं लिहून घ्या आणि स्टॅम्पपेपर परत मागा.

अडवलं तर. बाकी आहे म्हणून डांबून ठेवणं, दुसरीकडे कामाला जाऊ न देणं हा 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तातडीला 112 लावा, लेखी तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडे द्या. वकिलासाठी 15100 वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. बाईने अर्ज केला तर उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. जाताना वही सोबत न्या, मूळ प्रत मात्र कुणाच्या हाती देऊ नका.