गॅसच्या फायर पिटला शेकोटीच्या सवयी लावू नका: वापरताना आणि देखभाल करताना या चुका टाळा

अंगणात किंवा बागेत मांडलेला गॅसचा फायर पिट शेकोटीसारखा दिसतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. शेकोटी पेटेना की आपण वाकून फुंकर मारतो, मंदावली की वर लाकूड टाकतो, उठताना तिच्यावर पाणी ओततो. लाकडाच्या आगीपाशी या सवयी बरोबरच आहेत. गॅसपाशी मात्र यातली प्रत्येक सवय महागात पडू शकते. लाकडाची आग डोळ्यांना दिसते. गॅसच्या बाबतीत खरा धोका असतो तो न दिसणाऱ्या, न जळालेल्या गॅसचा. फायर पिट हे उघड्यावर ठेवलेलं गॅसचं उपकरण आहे, एवढं मनात पक्कं धरलं की पुढच्या बहुतेक चुका आपोआप टळतात.

पेटेना म्हणून बटण दाबत राहणं

ही सर्वांत मोठी चूक, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. नॉब उघडला, ठिणगीचं बटण दाबलं, ज्योत आली नाही. मग नॉब तसाच उघडा ठेवून बटण पुन्हा पुन्हा दाबलं जातं आणि मध्येच कुणीतरी वाकून आत बघतं. या अर्ध्या मिनिटात काय घडतं? सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन, ब्युटेन किंवा दोघांचं मिश्रण. प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड असतो, ब्युटेन दुप्पट. तो वर उडून जात नाही. बर्नरच्या खोलगट भागात, दगडांच्या फटींत, खालच्या कप्प्यात साचत जातो. हवेत प्रोपेनचं प्रमाण साधारण २ टक्क्यांपासून ९.५ टक्क्यांपर्यंत असलं की एका ठिणगीने भडका उडतो. २ टक्के म्हणजे फारच थोडा गॅस. शेवटी बटण लागतं तेव्हा हा साचलेला गॅस एकदम पेट घेतो, आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी चेहरा वर असतो.

म्हणून चार-पाच सेकंदांत ज्योत आली नाही की नॉब बंद करा आणि निदान पाच मिनिटं थांबा. वारा पडलेला असेल तर आणखी थोडा वेळ जाऊ द्या. पुन्हा पेटवण्याआधी जमिनीलगत वास येतोय का ते पाहा. गॅस खाली बसतो, त्यामुळे उभ्या माणसाच्या नाकापर्यंत वास उशिरा पोचतो.

लायटरने पेटवायचं असेल तर क्रम चुकवू नका. आधी लांब दांड्याचा लायटर पेटवून बर्नरच्या कडेशी धरा, मग नॉब हळूच उघडा. आधी गॅस सोडून नंतर लायटर शोधायला जाणं म्हणजे भडक्याला आमंत्रणच.

बटण दाबूनही ठिणगी दिसत नसेल तर पहिला संशय बॅटरीवर घ्या, दुसरा ओलीवर. पाऊस किंवा दव पडल्यावर ठिणगीची कांडी भिजते आणि ठिणगी भलतीकडेच उडते. कांडी पुसून वाळू द्या, ती वाकून बर्नरपासून लांब गेली आहे का हेही पाहून घ्या. ही तपासणी नेहमी सिलिंडर बंद ठेवूनच करायची.

पायलट पेटतो, पण बोट काढलं की विझतो

पायलट म्हणजे मुख्य बर्नर पेटवणारी लहानशी ज्योत. ती अशी विझणं हा बहुतेक वेळा बिघाड नसून सुरक्षा यंत्रणेचं काम असतं. ज्योतीजवळ थर्मोकपल नावाची एक बारीक धातूची कांडी असते. ती तापली की साधारण २० ते ३० मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्याच विजेवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत विझली की कांडी गार होते आणि व्हॉल्व्ह बंद पडतो. ती तापायला वेळ लागतो, म्हणून नॉब दाबून २० ते ३० सेकंद धरावा लागतो. पुष्कळ लोक पाच सेकंदांतच सोडतात आणि उपकरण खराब आहे असं ठरवून टाकतात.

पुरेसा वेळ धरूनही ज्योत टिकत नसेल तर कांडीवर काजळी साचली असेल किंवा ती ज्योतीपासून बाजूला सरकली असेल. बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने टोक पुसा, कांडी ज्योतीत नीट येते आहे ना ते पाहा, आणि मागचा नट सैल आहे का तेही तपासा. तरीही जमलं नाही तर थर्मोकपल बदलावं लागतं, आणि ते फार मोठं काम नसतं. मात्र तार घालून किंवा चिमटा लावून नॉब दाबून ठेवण्याची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. वाऱ्याने ज्योत विझल्यावर गॅस थांबवणारी यंत्रणाच तुम्ही अशाने निकामी करता.

ज्योत बारीक झाली की काय बिघडलं असं समजणं

सिलिंडर भरलेला, नॉब पूर्ण उघडा, आणि ज्योत मात्र मेणबत्तीएवढी. याचं एक कारण फार कमी लोकांना माहीत असतं. काही रेग्युलेटरच्या जोडणीत एक सुरक्षा झडप असते. एकदम खूप गॅस वाहू लागला की तिला पाइप फुटल्यासारखं वाटतं आणि ती प्रवाह जवळपास बंद करते. फायर पिटचा नॉब आधीच उघडा असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला, किंवा तो झटक्यात पूर्ण फिरवला, की नेमकं हेच होतं. उपाय साधा आहे. नॉब आणि सिलिंडर दोन्ही बंद करा, रेग्युलेटर काढा, एक-दोन मिनिटं थांबा, पुन्हा जोडा. मग नॉब बंद ठेवून सिलिंडर अगदी हळू उघडा, काही सेकंद जाऊ द्या आणि त्यानंतर पेटवा.

दुसरं कारण थंडी. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. मोठा बर्नर बराच वेळ चालू राहिला की सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव किंवा बर्फाचा थर दिसतो, आतला दाब उतरतो. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, ब्युटेन मात्र उणे अर्ध्या अंशाला. म्हणून पारा शून्याजवळ गेला की ज्यात ब्युटेन जास्त आहे तो सिलिंडर अर्धा भरलेला असूनही काम देईनासा होतो. थंड प्रदेशात प्रोपेनचाच सिलिंडर घ्या, आणि शक्य असेल तर मोठा. सिलिंडरवर उकळतं पाणी ओतणं, त्याला आगीच्या जवळ सरकवणं किंवा गॅस नीट यावा म्हणून आडवा पाडणं, यातलं काहीही करू नका. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि बर्नरवर भलामोठा लोळ उठतो.

कधी कधी मात्र गॅस खरोखरच संपलेला असतो. साधारण १२ किलोवॉटचा बर्नर पूर्ण ज्योतीवर तासाला ०.९ किलोच्या आसपास प्रोपेन जाळतो. म्हणजे ९ किलोचा सिलिंडर दहाएक तास पुरतो. कधी बसवला ते लक्षात ठेवा किंवा सरळ वजन करा.

काजळी, धूर आणि हलवलेले दगड

फायर पिटची ज्योत पिवळी असणं चूक नाही, ती शोभेसाठी तशीच ठेवलेली असते. पण दगड काळे पडत असतील, टोकाशी धूर दिसत असेल, तर ज्योतीला हवा कमी पडते आहे. बहुतेक वेळा कारण आपणच केलेलं असतं. छान दिसावं म्हणून दगडांचा ढीग बर्नरवर रचलेला असतो. पुस्तिकेत जेवढा थर सांगितला आहे तेवढाच ठेवा, आणि पायलट व ठिणगीची कांडी कधीही झाकू नका.

दुसरं कारण कोळी. महिनोन्‌महिने न वापरलेल्या फायर पिटच्या हवा ओढणाऱ्या नळीत कोळी जाळं विणतात, किडे घर करतात. ज्योत सुस्त होते, कधी बर्नरऐवजी नळीतच मागे पेट घेते. तसं दिसलं तर लगेच सिलिंडर बंद करा आणि गार झाल्यावर नळी मऊ ब्रशने साफ करा. जेटच्या, म्हणजे गॅस बर्नरमध्ये सोडणाऱ्या बारीक तोटीच्या, भोकात टाचणी किंवा तार घालू नका. भोक किंचितही मोठं झालं तर गॅस जास्त येतो.

सिलिंडरच्या गॅसचे आणि पाइपलाइनमधून येणाऱ्या नैसर्गिक गॅसचे जेट वेगळे असतात. एका घनमीटर प्रोपेनमध्ये नैसर्गिक गॅसच्या जवळपास अडीचपट उष्णता असते. नैसर्गिक गॅसच्या बर्नरला नुसता सिलिंडर जोडला तर आटोक्याबाहेरच्या ज्वाळा आणि काजळीच मिळेल. हा बदल जाणकाराकडूनच करून घ्या.

आणि दगड? नदीतले गुळगुळीत गोटे दिसायला सुंदर असतात, पण त्यांच्या आत पाणी अडकलेलं असतं. तापल्यावर त्याची वाफ होते आणि गोटा फुटून तुकडे अंगावर उडू शकतात. लावा दगड, फायर पिटसाठीच बनवलेले काचखडे किंवा सिरॅमिकचे ओंडके यांखेरीज काही घालू नका. लाकूड, कागद, सुकी पानंही नाहीत. त्यांची राख बर्नरची भोकं बुजवते.

आडोसा, कप्पा आणि पाइप

पाऊस आला म्हणून फायर पिट गॅरेजमध्ये, तंबूत किंवा पडदे सोडलेल्या व्हरांड्यात नेऊ नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखू लागलं, गरगरलं, मळमळलं, तर आधी मोकळ्या हवेत या. वर छत्री, मांडव, फांद्या नकोत. आजूबाजूचं आणि वरचं अंतर किती हवं ते तुमच्या उपकरणाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूला हवेची भोकं असतात. आत धूळ जाते म्हणून कुणी ती बंद करतं, कुणी बाहेरून कुंड्या लावतं. गळालेला जड गॅस बाहेर पडायला तीच वाट असते.

नवा सिलिंडर बसवला की दर वेळी साबणाचं पाणी करा, भांडी घासायचा साबण चांगला दाट कालवा आणि नॉब बंद ठेवून, सिलिंडर उघडून प्रत्येक जोडावर आणि पाइपभर लावा. फुगे आले की गळती आहे. काडी पेटवून गळती शोधू नका. पाइप वाकवून पाहिल्यावर भेगा दिसल्या, उंदराने कुरतडल्याच्या खुणा दिसल्या, किंवा त्यावर छापलेली मुदत संपली असेल, तर चिकटपट्टी न लावता तो बदलून टाका.

गॅसचा वास जोरात येत असेल तर नॉब आणि सिलिंडर बंद करा, आसपासची प्रत्येक ज्योत विझवा, विजेच्या बटणांना हात लावू नका, सगळ्यांना लांब न्या. जोडापाशीच आग लागली आणि व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नसेल, तर ती आग विझवायच्या भानगडीत पडू नका. आग विझेल, गॅस वाहतच राहील आणि पुन्हा कुठेतरी भडकेल. दूर जा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

बंद करताना आणि पुन्हा काढताना

पाणी ओतून विझवू नका, तापलेले काचखडे आणि दगड तडकतात. नॉब बंद करून भागत नाही, सिलिंडरचा व्हॉल्व्हही बंद करा. ज्वाळा गेल्यावरही दगड आणि कडा बराच वेळ भाजतील एवढ्या गरम राहतात. लहान मुलं नेमकी तेव्हाच हात लावायला येतात, कारण आता आग दिसत नाही. पूर्ण गार झाल्यावरच कव्हर घाला.

मोसम संपला की सिलिंडर काढा, तोंडाला टोपण लावा आणि तो घराबाहेर, उभा, सावलीत ठेवा. तळघर तर अजिबात नको. पुढच्या मोसमात काढाल तेव्हा तळातली पाणी जाण्याची भोकं मोकळी करा, नळीतली जाळी साफ करा, जोड साबणाच्या पाण्याने तपासा. रेग्युलेटर मात्र स्वतः उघडू नका, बिघडला तर नवा घ्या. पहिल्यांदा पेटवताना मुलांना आणि पाळीव प्राण्यांना लांब ठेवा, आणि दगडांतली ओल जाईपर्यंत पहिली २०-३० मिनिटं स्वतःही मागेच बसा.